कोकणची खानेसुमारी आणि मुंबईची गिरणी



लोकसंख्येवर बोलावयाचे म्हणजे आकडे आलेच, आणि वसंतातल्या संध्याकाळी आकडे ऐकविणारा वक्ता कोणाला फारसा आवडत नाही. त्यातून मी पदवीधर नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील कपाटाने, सार्वजनिक वाचनालयाने आणि कामगार न्यायालयातल्या बाकांनी केले. तेव्हा विद्वानाचा अधिकार मी सांगत नाही. परंतु पगाराचा हिशेब तपासण्यात माझा जन्म गेला आहे, आणि खानेसुमारीचे आकडेही मी त्याच नजरेने वाचतो. कोणाच्या खात्यावर काय मांडले आहे आणि कोणाच्या खात्यावर मांडावयाचे राहून गेले आहे, एवढेच मी पाहतो.

२०११ सालच्या खानेसुमारीत महाराष्ट्राची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे सोळा टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरला, आणि सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. साथ नाही, युद्ध नाही, दुष्काळ नाही. तरी एकट्या रत्नागिरीत ऐंशी हजारांवर माणसे कमी भरली. या काळात राज्यातला आणखी एकच जिल्हा असा घटला, आणि तो म्हणजे मुंबई शहर. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतची जी जुनी मुंबई, ती ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली.

कोकणातले डोंगराळ जिल्हे आणि देशातले सर्वांत गजबजलेले शहर यांचे एकाच दशकात एकत्र घटणे हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. एका दोरीची ही दोन टोके आहेत. ही दोरी कशी वळली गेली आणि कशी सुटली, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

आपण घाटावरची मंडळी. कोकण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माड, आंबा आणि गणपतीची सुट्टी येते. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तो मुलूख फार कठीण आहे. समुद्रापासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत रुंदी पन्नास-साठ किलोमीटर, आणि तेवढ्यात कड्यावरचे पाणी समुद्राला मिळावयाचे. पाऊस तीन हजार मिलिमीटरहून अधिक. पण नद्या आखूड, उतार तीव्र. जून ते सप्टेंबर पाणी धो धो वाहते, आणि शिमग्यानंतर बायका हंडा घेऊन झऱ्याच्या वाटेला लागतात. खाली जांभा दगड. त्याच्या सड्यावर पावसाळ्यात गवत उगवते, उन्हाळ्यात पाऊल भाजते. सपाट, मातीने भरलेली भातशेती फक्त नदीकाठी आणि पऱ्याकाठी. उरलेली जमीन वरकस. तिच्यावर नाचणी, वरी, हरीक. तेही दोन-तीन वर्षे पीक घेऊन पुढे काही वर्षे जमीन पड टाकावयाची. अशा जमिनीवर माणसे वाढली की जमीन त्यांच्याबरोबर वाढत नाही.

या भूमीचा दुसरा गुण म्हणजे तिची वाट. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी अशा एकामागून एक नद्या आणि त्यांच्या खाड्या पूर्व-पश्चिम आडव्या पडलेल्या. म्हणून एका गावाहून दक्षिणेच्या गावी जाण्यास खुष्कीची वाट अवघड, आणि समुद्राची वाट सोपी. मागच्या काळात हाच मोठा लाभ होता. देशावरचा माल लमाणांच्या बैलांवर लादून कुंभार्ली, आंबा, फोंडा अशा घाटांनी उतरत असे आणि चिपळूण, राजापूर, वेंगुर्ले येथून गलबतात चढत असे. पुढे रेल्वे आली. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धावली आणि १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग वर चढला. मग दक्षिण महाराष्ट्रातही रूळ पडले, मुरगावचे बंदर रेल्वेने जोडले गेले. देशावरच्या कापसाला आणि गुळाला आगगाडी मिळाली, तसा घाटांतल्या बैलांचा तांडा ओसरला आणि कोकणची बंदरे मंदावली. कोकणात रेल्वे पोहोचावयास पुढे सव्वाशे वर्षे लागली. डोंगर तोच, खाडी तीच. पण कालपर्यंत जी जागा वाटेवर होती, ती रूळ दुसरीकडे पडल्याबरोबर आडबाजूला गेली. भूगोल बदलत नाही, हे अर्धेच खरे आहे. भूगोलाची किंमत बदलते, आणि ती बदलण्याचा निर्णय माणसे करतात.

माणसांचा दुसरा निर्णय जमिनीच्या मालकीचा. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक गावे खोतीची होती. खोत हा सरकार आणि रयत यांच्यामधला वसुलीदार. सरकारात सारा भरावयाचा आणि कुळाकडून खंड घ्यावयाचा. पुष्कळ ठिकाणी पिकाचा अर्धा वाटा, त्याखेरीज वेठ. कूळ जमीन सुधारील कशाला? बांध घातला तर पीक वाढणार, आणि वाढलेल्या पिकात खोताचा वाटा वाढणार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. कायदा मात्र व्हावयाचा होता १९४९ साली. तोवर तीन-चार पिढ्यांनी आपला निर्णय घेऊन टाकलेला होता. भात घरी पिकत असे, पण मिठाला, कापडाला, लग्नाला आणि सावकाराला रोकड लागते. रोकड गावात नव्हती.

ती प्रथम मिळाली पलटणीत. पेशवाई गेल्यावर इंग्रजांच्या मुंबई सैन्यात कोकणातले मराठे आणि महार मोठ्या संख्येने भरती झाले. दापोलीसारख्या ठिकाणी पेन्शनर शिपायांची वस्ती झाली. महारांना तर पलटणीने पगाराबरोबर अक्षरओळखही दिली, आणि १८९० च्या दशकात त्यांच्यासाठी हेच दार सरकारने बंद केले. परंतु तोपर्यंत मुंबईत दुसरे दार उघडले होते.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, आणि १८५६ पासून ताडदेवला सूत निघू लागले. मुंबईत कापूस पिकत नाही, कोळसा सापडत नाही. तरी गिरण्या तेथेच का झाल्या? वऱ्हाड-खानदेशाचा कापूस घाट उतरून येथल्या बंदरात येत होता. विलायतेची यंत्रे आणि कोळसा त्याच बंदरात उतरत होता. कापसाच्या व्यापारातला पैसा येथल्या शेठजींच्या हाती होता. आणि हवेत ओल असल्यामुळे धागा कमी तुटत होता. यंत्रे आली, कापूस आला, भांडवल आले. राहिला माणूस. तो समुद्रमार्गे आला, आणि मोठ्या प्रमाणात रत्नागिरीहून आला. १८८१ च्या खानेसुमारीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सव्वा लाखाच्या घरातले लोक मुंबईत मोजले गेले. मुंबईची वस्ती तेव्हा ७ लाख ७३ हजार. म्हणजे शहरात भेटणाऱ्या दर सहा माणसांमध्ये एक रत्नागिरीचा.

गिरण्यांत सातारा, पुणे, कोल्हापूरकडची माणसे होती, उत्तर हिंदुस्थानातले विणकरही होते. परंतु कोकणी माणसाचे येणे निराळ्या तऱ्हेचे होते. माझे आजोबा संगमेश्वर तालुक्यातले. शास्त्रीच्या खाडीतून होडीने जयगडला, तेथून आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर. पावसाळ्यात बोटी बंद. त्यामुळे गावी येण्याचे आणि जाण्याचे वेळापत्रक ठरविले ते समुद्राने आणि शेतीने. पेरणीपूर्वी येणे, शक्य तर कापणीला राहणे, मग पुन्हा वळकटी बांधणे. चाकरमानी हा शब्द याच माणसासाठी रूढ झाला. चाकरी मुंबईत, पण घर म्हणजे गावचे.

शहरातली माणसांची संख्याही कापसाच्या तागडीबरोबर वरखाली होई. अमेरिकेतल्या यादवीच्या दिवसांत, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६४ च्या मोजणीत मुंबई ८ लाख १६ हजारांवर गेलेली होती. यादवी संपली, भाव कोसळले, आणि १८७२ मध्ये ती ६ लाख ४४ हजारांवर आली. १८९६ साली प्लेग आला, लाखो लोक शहर सोडून गेले. १८९१ ला ८ लाख २१ हजार असलेले शहर १९०१ ला ७ लाख ७६ हजार भरले. ही सगळी माणसे जात कोठे होती? मुंबईत कामधंदा नसलेल्या, आजारी, घाबरलेल्या माणसाला ठेवून घेणारी संस्था नव्हती. ती संस्था म्हणजे गाव.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गिरणीचा पगार एका माणसाचा होता. एका गाळ्यात वीस-वीस जण पाळीपाळीने झोपत, खानावळीत महिनेवारी जेवत, आणि उरेल ती मनीऑर्डर करीत. परंतु कामगार म्हणजे काही एकटा माणूस नव्हे. त्याला कोणीतरी जन्म दिला, पंधरा-सोळा वर्षे खाऊ घालून वाढविले. क्षयाने खंगला की कोणीतरी त्याची शुश्रूषा केली. हात थरथरू लागल्यावर मरेपर्यंत पोसले. हा खर्च गिरणीच्या हिशेबवहीत कोठेही नव्हता. तो मांडला गेला होता कोकणातल्या वरकस जमिनीवर आणि ती कसणाऱ्या बाईवर. १९३१ साली व्हिटली आयोगाने हिंदुस्थानातील मजुरांविषयी जो अहवाल दिला, त्यात कामगाराचा गावाशी असलेला संबंध तुटू नये, उलट तो सांभाळावा, असेच मत मांडले. कामगाराच्या भल्याच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हते. पण हिशेबनीस म्हणून पाहिले, तर गाव हा गिरणीचा भागीदार होता. भांडवल घालणारा, आणि नफ्यात वाटा नसलेला.

हे खानेसुमारीत कसे दिसते पाहा. १९२१ साली मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास होत्या. उलट रत्नागिरी जिल्ह्यात १९९१ सालीसुद्धा दर हजार पुरुषांमागे १,२०५ बायका होत्या. ते वाचून एखादा म्हणेल, कोकणात मुलींचा केवढा मान! तो अर्थ नव्हे. मुली जास्त जन्मल्या नाहीत. पुरुष मोजणीच्या दिवशी घरी नव्हते. ते जे दोनशे पाच पुरुष कमी भरतात, त्यांच्या वाट्याचा नांगर, गवताचा भारा आणि म्हाताऱ्यांचे औषधपाणी कोणी केले, हे त्या आकड्यात लिहिलेले आहे.

भूमी आणि धंदा यांनीच सारे ठरविले असे मात्र समजू नका. त्यात जातही होती. डोंगराने सर्वांना सारखेच बाहेर लोटले, पण गिरणीने सर्वांना सारखे आत घेतले नाही. साचेखात्यात पगार चांगला. परंतु धोट्यातले सूत संपले की नव्या सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि तेवढ्या कारणाने अस्पृश्य मानलेल्या कामगाराला तेथे मज्जाव होता. त्याची जागा कमी पगाराच्या खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. आम्ही युनियनवाले आमच्या इतिहासाच्या गोष्टी सांगताना हे पान उलटून पुढे जातो, म्हणून मुद्दाम सांगितले.

गावाचा हा आधार मालकाच्या उपयोगी होता, तसा कामगाराच्याही. १९२८ चा संप सहा महिने चालला. सहा महिने पगार नाही आणि तरी दीड लाख माणसे कामावर जात नाहीत, हे केवळ भाषणांच्या जोरावर होत नसते. पुष्कळ कामगार गावी गेले आणि घरच्या भातावर राहिले. संपाचा किल्ला परळला होता, पण त्याची अंबरखाने सह्याद्रीच्या पायथ्याशी होती.

हाच हिशेब १९८२ साली पुन्हा मांडला गेला. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. माझे वडील साचेखात्यात होते. मी तेव्हा गावी, अकरा वर्षांचा. वैशाखात ते आले. दरवर्षी येत तेव्हा ट्रंकेत आमच्यासाठी काहीतरी असे. त्या वर्षी त्यांच्या हाती फक्त वळकटी होती. आईने काही विचारले नाही. तिने कणगीतले भात पायलीने मोजले आणि भाद्रपदापर्यंत पुरेल असे सांगितले. वडिलांना वाटले होते, तोपर्यंत संप मिटेल. भाद्रपद आला, गेला. दुसऱ्या वर्षी बैल विकले. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही; तो विरत गेला. वडिलांच्या गिरणीने त्यांना परत घेतले नाही, आणि देणे म्हणून जे हाती आले ते बहिणीच्या लग्नातच संपले.

१९२८ ला जे जमले ते १९८२ ला का जमले नाही? कारणे पुष्कळ आहेत, आणि त्यांवर स्वतंत्र व्याख्यान होईल. परंतु एक कारण आमच्या कणगीत होते. मधल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत जमिनीचे तुकडे झाले होते, डोंगर उघडे पडले होते, घरटी खाणारी तोंडे वाढली होती आणि भात तेवढेच होते. दुसरीकडे कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जात होते. मालक थांबू शकत होता. कणगी थांबू शकत नव्हती. मी स्वतः सोळाव्या वर्षी भिवंडीस एका मागावर कामाला लागलो. ज्या मागांनी वडिलांच्या संपाची धार बोथट केली, त्यांच्यावरच मी पोट भरले. हे सांगताना मला लाज वाटत नाही; पण विसरावेसेही वाटत नाही.

गिरण्या बंद पडल्यावर त्यांची जमीन कापडापेक्षा मोलाची ठरली. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीपैकी काही भाग मोकळ्या जागेसाठी आणि काही भाग घरांसाठी ठेवण्याची तरतूद होती. २००१ साली त्या नियमाचा अर्थ असा बदलण्यात आला की बांधकाम नसलेली तेवढी जमीनच वाटपास उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. चाळींच्या जागी मनोरे आले. मनोरा चाळीपेक्षा उंच असतो, पण त्यात माणसे कमी राहतात. चाळीतली माणसे खोली विकून डोंबिवली, दिवा, बदलापूर, विरारकडे गेली. म्हणून २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर साडेसात टक्क्यांनी घटले, आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा छत्तीस टक्क्यांनी वाढून १ कोटी १० लाखांवर गेला. कोकण घटले आणि गिरणगाव घटले. ती माणसे मधल्या लोकलच्या डब्यात आहेत.

तिकडे स्त्री-पुरुष प्रमाणाचा आकडाही हलला. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १९९१ ला १,२०५ बायका होत्या. २००१ ला १,१३६, आणि २०११ ला १,१२२. पुरुष परत आले, असा याचा अर्थ लावता येत नाही. पुरुष परत आले असते तर जिल्ह्याची माणसे वाढली असती, ती घटली. या वेळी बायकाही निघाल्या. कुटुंबे मुले घेऊन दोन खोल्यांच्या घरात राहावयास गेली. मुले कमी होऊ लागली, हेही घटीचे एक कारण आहे. आणि मुलाने गणपतीला चार दिवस येण्यापलीकडे गावाची चाकरी करावी, अशी त्याच्या आईचीही इच्छा राहिली नाही. त्यात वाईट काय? नवराबायको एका छपराखाली राहू लागली, हे मी सुखाचेच मानतो. शंभर वर्षे ते सुख कोकणातल्या बाईला मिळाले नव्हते. पण गावाचा आधार सुटला, आणि शहराने त्याच्या जागी दुसरा आधार दिला नाही. आजारपण आणि म्हातारपण आता दोन खोल्यांतच काढावयाचे.

१९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. नव्वदावर बोगदे, त्यांतला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल. रूळ टाकावयास एवढा काळ का लागला, हे त्या आकड्यांवरून समजते. गाडी आली तेव्हा आमच्या गावी लोकांनी इंजिनाला हार घातले. परंतु गाडी दोन्ही दिशांना धावते. ज्या गावात रोजगार आहे तेथे ती माणसे आणते. जेथे नाही, तेथून नेते.

मग कोकणचे हे नशीबच म्हणावे का? नाही. सह्याद्री ओलांडून आपल्या बाजूस पाहा. ज्या दशकात रत्नागिरी जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली, त्याच दशकात कोल्हापूर जिल्हा दहा टक्क्यांनी वाढला. पंचगंगेचे पाणी संथ, माती काळी, हे खरेच. पण ऊस आपोआप साखर होत नाही. बंधारे घातले, उपसा योजना झाल्या, १९५० साली प्रवरेला सहकारी कारखान्याने वाट दाखविली आणि ती दक्षिण महाराष्ट्राने चोखाळली. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला तो कोणा डोंगराने सांगितले म्हणून नव्हे. आणि घाटमाथ्यावर सारे आलबेल आहे असेही नाही. जावळी-पाटणच्या डोंगरातला माणूस मुंबईत माथाडी झालाच; त्याच्यासाठी अण्णासाहेब पाटलांना झगडावे लागले, तेव्हा १९६९ चा कायदा झाला.

कोयनेचे उदाहरण तर डोळ्यांपुढे आहे. धरण घाटावर, पण त्याचे पाणी बोगद्यांनी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरते आणि पोफळीला वीज करते. गेली साठ वर्षे ती वीज मुख्यतः कोकणाबाहेरच्या कारखान्यांनी वापरली, आणि पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळाले. ज्या मुलखात उन्हाळ्यात टँकर लागतात, त्याच मुलखातून बारमाही नदी रिकामी वाहत जाते. यात डोंगराचा काय दोष?

उद्योग आले नाहीत असे नाही. लोटे-परशुरामला रासायनिक कारखान्यांची वसाहत झाली. पण रसायनाच्या कारखान्याला गिरणीइतकी माणसे लागत नाहीत, आणि खाडीत सांडपाणी गेले की मच्छीमाराची तक्रार येते. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने वरकस जमिनीवर आंबा आणि काजू उभा केला, हे मोठे काम झाले. पण बाग वर्षातले थोडे महिने माणसे मागते, आणि ती मागते तेव्हा गावात तरणे माणूस नसते. म्हणून आज रत्नागिरीच्या आंब्याच्या बागांत राखणीला आणि बंदरातल्या होड्यांवर खलाशी म्हणून नेपाळहून आलेली माणसे आहेत. ज्या भूमीने शंभर वर्षे माणसे बाहेर धाडली, ती आता बाहेरची माणसे बोलावते आहे.

त्या नेपाळी माणसाकडे पाहिले की मला आजोबा आठवतात. त्याचीही बायको डोंगरात आहे, तीही दोघांचे शेत एकटी पाहते. भिवंडीच्या माझ्या युनियनमधला उत्तर प्रदेशाचा मागवाला मागाच्या शेजारीच झोपतो आणि पैसे गावी धाडतो. त्याच्या पगाराच्या मागणीवर बसलो की मालक म्हणतो, एकट्या माणसाला एवढे कशाला लागते? हेच वाक्य शंभर वर्षांपूर्वी परळला कोणीतरी म्हटले असेल. २०२० च्या वसंतात टाळेबंदी लागली तेव्हा त्या वाक्याचे उत्तर रस्त्यावर दिसले. काम थांबताच शहराने ज्यांना ठेवून घेतले नाही, ती लाखो माणसे आपापल्या गावाकडे पायी निघाली. कोकणातही चाकरमानी आले, आणि कित्येक गावांत त्यांना पंधरवडाभर शाळेत राहावे लागले. आमच्या वाडीच्या शाळेत तर जागा पुरेशी होती. पटावर मुले चारच उरली होती.

सारांश असा, की उद्योग कोठे काढावयाचा, रूळ कोठून न्यावयाचे, पाणी कोणाला द्यावयाचे आणि जमिनीचा मालक कोण, हे माणसे ठरवितात. डोंगर फक्त त्या निर्णयांची किंमत वाढवितो किंवा कमी करतो. आणि ती किंमत बहुधा ज्याचे नाव करारावर नसते त्याच्याकडून वसूल होते. माझा अनुभव मला एक साधी गोष्ट शिकवितो. वेतन ठरवावयाचे तर ते घराचे ठरवावे, एका माणसाचे नव्हे. त्यात त्याचे बालपण, आजारपण आणि म्हातारपण धरावे. हे झाले नाही, तर कोठलेतरी गाव तो खर्च उचलत राहते, आणि उचलता उचलता रिकामे होते.

२०२१ साली व्हावयाची खानेसुमारी ठरल्या वेळी झाली नाही. पुढची होईल तेव्हा गणक आमच्या वाडीतही जाईल. तेथे तीस घरे आहेत, आणि गेल्या दिवाळीस त्यांतल्या सतरांना कुलूप होते. आमच्या घरी आई असते. तिचे वय ऐंशीच्या वर गेले आहे, आणि भिवंडीस येण्यास ती तयार नाही. कणगी अजून माजघरात उभी आहे. तीत आता भात नसते. सुकलेल्या काटक्या आणि जुनी गोणपाटे असतात. गणक विचारील, घरात माणसे किती? ती सांगेल, एक. त्याच्या कागदावर तेवढेच उतरेल, आणि ते बरोबरच असेल. बाकीची माणसे कोठे गेली आणि का गेली, हे शोधण्याचे काम त्या कागदाचे नव्हे. ते आपले आहे, आणि त्यासाठीच अशा व्याख्यानमाला असतात.